गरुडाच्या टॅगचा मागचा खर्च आणि ९ नोव्हेंबरचा पक्षीदिवस (सोलापूर)

माळकरी

मंडळी, नमस्कार.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. चितमपल्ली आपल्या सोलापुरात जन्मले आणि यंदा, २०२५ च्या १८ जूनला, सोलापुरातच गेले. त्यांच्यामागे येणारा हा पहिला सप्ताह. व्याख्यान आणि हारतुऱ्यांवर तो संपू नये, असं आमच्या गटात सगळ्यांनाच वाटत होतं.

म्हणून ९ तारखेला, रविवारी, पक्षीदिवस ठरवलाय. चार-पाच जणांचा एक संघ. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत जिल्ह्यात फिरून जितक्या जातींचे पक्षी दिसतील तितके नोंदवायचे. प्रत्येक संघाने आधी आपापली माणसं गाठायची, म्हणजे शेजारी, ऑफिसातले, मामा-मावशी, आणि ‘दर जातीमागे इतके रुपये’ असा शब्द घ्यायचा. रात्री यादी पक्की झाली की शब्दाप्रमाणे पैसे जमा.

ही रक्कम जाईल दख्खनच्या माळावरच्या गरुडांचा माग काढण्याच्या संशोधनाला. टॉनी गरुड बारमाही आपला. स्टेप गरुड हिवाळ्यापुरता येतो, कझाकस्तान, रशिया, मंगोलियाकडून. टॉनीला २०१८ पासून जागतिक यादीत ‘असुरक्षित’ धरलंय, स्टेपला २०१५ पासून ‘संकटग्रस्त’. हे संशोधन करणाऱ्या संस्थेची नोंदणी, संशोधनाच्या परवानगीची प्रत, मागच्या वर्षाचा हिशेब, सगळं गुरुवारच्या बैठकीत टेबलावर असेल.

आता माझा खरा मुद्दा. गरुडाच्या पाठीवर बसवायचा, ठिकाण कळवणारा टॅग विकत घ्यायला देणगीदार मिळतात. टॅगला नाव देता येतं, फोटो निघतो, बातमी येते. पण टॅग पाठीवर चढला की पुढे कित्येक वर्षं तो माहिती पाठवत राहतो आणि त्या माहितीचे पैसे भरत राहावे लागतात. टॅग गप्प झाला तर गाडी काढून शेवटच्या ठिकाणी कुणीतरी जावं लागतं. या खर्चाला कुणी पुढे येत नाही. सोलापूरने टॅग घेऊच नये, सोलापूरने ही मागची बाजू उचलावी, असं मला मनापासून वाटतं.

हे किती महागात जातं त्याचं उदाहरण २०१९ चं आहे, रशियातलं. तिथल्या संशोधकांनी स्टेप गरुडांना एसएमएसने ठिकाण कळवणारे टॅग लावले होते. त्यातली मिन नावाची मादी उन्हाळाभर कझाकस्तानात अशा भागात राहिली की तिथे नेटवर्कच नव्हतं. सगळे मेसेज टॅगमध्ये साठत गेले. कझाकस्तानातून निघताना ते स्वस्तात सुटतील असा संशोधकांचा हिशेब होता, पण ती थेट इराणात उतरली. तिथे एका मेसेजला ४९ रूबल, कझाकस्तानात १५. एकट्या मिनने सगळ्या गरुडांसाठी ठेवलेले पैसे संपवले. संशोधकांनी कर्ज काढलं आणि मग लोकांना साद घातली: गरुडाच्या मोबाईलमध्ये पैसे भरा. लोकांनी भरले, अडीच लाख रूबलच्या वर जमले. शेवटी मेगाफोन या मोबाईल कंपनीने थकबाकी माफ करून सवलतीचा दर दिला.

आपल्याला लोकांना हेच सांगायचंय. शंका इथेच विचारा.

जुनी_मिल

उपक्रम चांगला आहे. पण मी पक्ष्यांतला नवखा माणूस. टॅग म्हणजे नेमकं काय बसवतात? पक्ष्याला जखम नाही ना होत? आमच्या अपार्टमेंटमध्ये पैसे मागायला गेलो की पहिला प्रश्न हाच येणार.

खरुची

मी पुण्यात असताना एका टॅगिंगच्या वेळी मदतीला होते, त्यामुळे जवळून पाहिलंय. सांगते.

टॅग म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र, वर सोलर पट्टी. पक्षी हातात आला की आधी डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवतात. अंधार झाला की तो लगेच शांत होतो, नुसतं पोट वर-खाली होताना दिसतं. मग वजन, पंखाचं माप, चोचीचं माप. टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे. म्हणजे दोन किलोच्या टॉनीला जास्तीत जास्त ६० ग्रॅम, प्रत्यक्षात त्याहून हलकाच वापरतात.

बसवायचा तो दप्तरासारखा पाठीवर. पट्ट्या टेफ्लॉनच्या, गुळगुळीत, पिसांना घासत नाहीत. चार पट्ट्या छातीवर एकत्र येतात आणि तिथे साध्या सुती दोऱ्याने शिवतात. सुती अशासाठी की काही वर्षांनी दोरा कुजतो आणि टॅग आपोआप गळून पडतो, पक्ष्याला जन्मभर वागवावा लागत नाही. शिवण घालण्याआधी पट्टीखाली बोट घालून बघतात. सैल राहिली तर पाय किंवा चोच अडकते, आवळली तर छातीचा स्नायू भरल्यावर काचते. मी पाहिलं तेव्हा त्या ताईंनी एकच शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली. घाईचं काम नाही, आणि कुणीही उठून करायचंही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम १२ खाली परवानगी लागते आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राचीही आधी मान्यता लागते.

जोखीम शून्य आहे असं अपार्टमेंटमध्ये सांगू नका. हाताळणीत धोका असतो, म्हणूनच थोड्याच पक्ष्यांना लावतात आणि म्हणूनच लावलेल्या प्रत्येक टॅगची माहिती शेवटपर्यंत मिळत राहायला हवी. पैशाअभावी मध्येच बंद पडली तर पक्ष्याला दिलेला त्रास फुकट गेला. माळकरीदादांचा मुद्दा मला त्यासाठी पटतो.

सीनाकाठ

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सप्टेंबरमध्ये सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळ्यात लोकांची उभी पिकं गेली, जनावरं वाहून गेली, घरात गाळ भरला. आमच्या गावात अजून लोक त्यातून उठलेले नाहीत. अशा वर्षी सोलापुरात गरुडासाठी पैसे मागत फिरायचं हे माझ्या मनाला लागतंय.

माळकरी

सीनाकाठ, राग कसला. तुम्ही म्हणताय ते आमच्या गटातही दोघांनी मांडलं होतं. पूर ओसरल्यावर आमच्यातले बरेच जण कोरडा शिधा आणि वह्या-पुस्तकं घेऊन गेले, ते काम अजून चालू आहे आणि त्याचा हिशेब वेगळा आहे.

दोन गोष्टी मी आजच ठरवून टाकतो. पूरग्रस्त गावांत कुणाकडेही शब्द मागायचा नाही. आणि पुरासाठी देणारा माणूस ‘यंदा तिकडे दिलेत’ म्हणाला, तर त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

कार्यक्रम पुढच्या वर्षावर ढकलावा का, हाही विचार केला. पण लावलेले टॅग आत्ता चालू आहेत आणि स्टेप गरुड आत्ता येताहेत. या हिवाळ्यातली माहिती पुढच्या हिवाळ्यात मिळत नाही.

सीनाकाठ

ठीक आहे. एवढं पाळणार असाल तर माझी हरकत नाही. उजनीच्या बाजूला संघ येणार असेल तर वाट दाखवायला मी येईन.

गवताळ

मला टॅगपेक्षा माळाची काळजी वाटते. गरुड कुठे जातो ते कळून काय उपयोग, परत आल्यावर बसायला माळच नसेल तर? सरकारी नकाशात आपली गवताळ रानं ‘पडीक जमीन’ म्हणून दाखवलेली. पडीक म्हटलं की कुणी त्यावर गिरिपुष्प लावतं, कुणी सोलर पार्क आणतं, कुणी प्लॉट पाडतं. माळढोकाचं काय झालं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. नान्नजला १९७९ चं माळढोक अभयारण्य आहे, आणि आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. पैसे जमवायचेच तर गवतासाठी जमवा.

खरुची

गवताळदादा, माळ वाचवायला नुसतं ‘इथे पक्षी असतात’ म्हणून भागत नाही, हे तुम्हीच एका बैठकीत म्हणाला होता. टॅगने कळतं की अमुक गरुड हिवाळ्यातले इतके दिवस याच गायरानावर होता, रात्री याच बाभळींवर बसला, शिकारीला या गटांवरून फिरला. एकदा ते नकाशावर आलं की त्या जमिनीला पडीक म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

नागालँडचं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाणे जाळ्यांनी हजारोंनी पकडले जात होते. गावकऱ्यांनी ते थांबवलं, आणि २०१३ मध्ये तिथे तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले. त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांग्ती. पांग्ती हे तिथलं गाव. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचला हे कळल्यावर त्या गावाचं आणि पक्ष्याचं नातंच बदललं. आपल्याकडे एखाद्या गरुडाचं नाव ‘मार्डी’ किंवा ‘वडाळा’ असलं तर त्या गावच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय वेगळ्या तऱ्हेने निघेल, अशी माझी खात्री आहे.

गवताळ

गावाचं नाव द्यायची कल्पना आवडली. पण मग गावाला विचारून द्या. आणि गावाला माहितीही परत मिळाली पाहिजे.

धनगरवाडा

माझं घर नान्नजच्या बाजूलाच. आमची मेंढरं आहेत, मी पुण्यात नोकरीला असतो, वडील अजून रानात जातात. आमच्या वडलांना पुस्तकातली नावं येत नाहीत, पण कुठल्या बाभळीवर गरुड बसतो ते झाडागणिक सांगतील.

मी लहानपणापासून बघत आलोय. टॉनी सकाळी बाभळीच्या शेंड्याला बसून राहतो, नुसती मान फिरवतो. भोवत्या, म्हणजे माळावरचा दुसरा शिकारी पक्षी, खालून गवतावरून तरंगत येतो, उंदीर उचलतो. तो उचलला रे उचलला की हा वरून सुटतो. भोवत्या दोन-तीन गिरक्या मारतो, पण शेवटी पायातलं टाकून देतोच. मग गरुड खाली उतरून उंदीर पायाखाली दाबतो आणि आधी चोचीनं केस उपटून बाजूला टाकतो. केसांचे झुबके वाऱ्यावर उडताना दिसतात. मग खातो. मेलेलं कोकरू असलं तर त्यावरही येतो. आमचं जिवंत कोकरू गरुडानं नेलेलं वडलांना आठवत नाही, त्याची भीती लांडग्याची.

आता काळजीची गोष्ट. मेंढरू-ढोर मेलं की आम्ही माळावरच टाकतो, पहिल्यापासून. मरायच्या आधी त्याला दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलेलं असतं. गिधाडं त्यानं मेली असं ऐकलंय. गरुडाला पण होतं का?

खरुची

होतं, दादा. डायक्लोफिनॅकवर गुरांसाठी २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळेच. नंतर राजस्थानात मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरातही डायक्लोफिनॅक सापडलं, तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिकानेरजवळ जोडबीडला मेलेली जनावरं टाकतात, तिथे हिवाळ्यात हे गरुड मोठ्या संख्येने जमतात. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवरही गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम चालतं, त्याने गिधाडांना धोका नाही असं तपासून झालंय. वडलांना सांगा, डॉक्टर आले की नाव घेऊन मेलॉक्सिकॅम मागायचं.

गरुड कुठल्या गावाजवळ मेलेल्या जनावरांवर उतरतात हे टॅगवरून कळतं. मग तिथल्या औषध दुकानांत आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेमकं जाता येतं, सगळा जिल्हा पालथा घालावा लागत नाही.

धनगरवाडा

सांगतो वडलांना. आणि एक मागणं आहे. आमच्या रानातल्या गरुडाचा नकाशा आम्हालाही दाखवा. माणसं येतात, दुर्बिणी लावतात, विचारतात, जातात. परत कुणी सांगायला येत नाही.

माळकरी

हे मागणं शंभर टक्के रास्त आहे. संस्थेशी काल रात्रीच बोललो. हिवाळा संपल्यावर त्या-त्या गावच्या शाळेत किंवा पारावर नकाशा मोठा छापून लावायचा आणि समजावून सांगायचा, असं त्यांनी कबूल केलंय. छपाईचा खर्च आपल्या निधीतून होईल. बैठकीत हे लेखी घेऊ. आणि शक्य असेल तर ९ तारखेला वडलांना आमच्या संघात मानानं बोलवायचंय. त्यांचा बुडणारा दिवस आम्ही भरून देऊ.

खांबावरचा_माणूस

मी विजेच्या लाइनवर काम करतो म्हणून लिहितोय. गरुड तारेवर बसल्याने मरत नाही, एका तारेला शिवल्याने मरत नाही. तो मरतो खांबाच्या डोक्यावर. ११ केव्हीच्या खांबावर लोखंडी क्रॉसआर्म, म्हणजे तारा धरणारी आडवी पट्टी, असतो, तो जमिनीला जोडलेला. पक्षी त्यावर बसतो. उडताना पंख पसरला, टॉनीचे पंख पाच-सहा फुटांचे, आणि पंखाचं टोक तारेला किंवा जंपरला (तारा जोडणाऱ्या तुकड्याला) लागलं की वीज त्याच्यातून क्रॉसआर्ममध्ये उतरते. कापशी, कोतवाल वाचतात कारण ते पुरतच नाहीत. माळावर झाड नसलं की बसायला सगळ्यात उंच जागा खांबच, त्यामुळे मोठा पक्षी तिथेच येतो.

यावर उपाय फार महाग नाही. जंपरवर इन्सुलेशनची नळी, तारेवर खांबाच्या दोन्ही बाजूंना थोडं आवरण, नाहीतर वर बसायला वेगळी लाकडी आडपट्टी. पण माळावर खांब हजारो, सगळ्यांना कोण करणार? गरुड रोज कुठल्या खांबांवर बसतो ते ठिकाण हातात आलं तर त्या ओळीपुरता प्रस्ताव करता येतो. त्यासाठी मला हे काम मोलाचं वाटतं. माझ्याकडून दर जातीमागे दहा रुपये लिहा.

माळकरी

दादा, तुमची ही पोस्ट मी बैठकीत वाचून दाखवणार आहे. टॅग एकाच जागी थिजला तर तिथे लगेच माणूस पोचावा म्हणतो ते यासाठीच. ढगाळ हवेत बॅटरी उतरली, सोलर पट्टीवर पिसं आली, नेटवर्क गेलं, अशी साधी कारणं असू शकतात. पण पक्षी मेला असेल तर खांबाखाली तो दोन दिवसांपेक्षा जास्त राहत नाही, कुत्री-कोल्ही नेतात. मग तो कशाने गेला ते कधीच कळत नाही.

दुर्बीण

नियमांबद्दल थोडं बोलू का? दर जातीमागे पैसे म्हटलं की सगळे संघ उजनीला पळणार. पाणवठ्यावर बदकं, चिखले, सुरय, बगळे, तासाभरात यादी फुगते. नान्नजच्या माळावर अख्खी सकाळ घालवून मूठभर जाती मिळतात: चंडोल, धाविक, भोवत्या, नशीब असेल तर सापमार गरुड. गरुडाच्या नावाने पैसे जमवायचे आणि त्या दिवशी माळावर कुणीच नाही, असं नको व्हायला.

माळकरी

अगदी मोलाचं बोललात. दोन बदल करतो. प्रत्येक संघाने सकाळचे पहिले तीन तास माळावरच घालवायचे. आणि शिकारी पक्ष्याची प्रत्येक जात दोन जातींच्या बरोबरीने धरायची. शिक्रा, कापशी, तिसा, खरुची, सगळे भोवत्ये, ऑस्प्रे, गरुड, घुबडंसुद्धा. देणाऱ्यांना हे आधी सांगायचं, नंतर भांडण नको.

दुर्बीण

आणि घरट्याजवळ कुणी जायचं नाही, हेही नियमात घाला. टॉनी हिवाळ्यातच घरटी करतो, नोव्हेंबरात बाभळीच्या शेंड्यावर काटक्यांची डागडुजी सुरू झालेली असते. मोठी लेन्स घेऊन झाडाखाली उभं राहिलं की मादी उठते. आवाज लावून पक्षी बोलावायचा नाही. गाडी गवतात घालायची नाही. जागेचा पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही.

टॅगच्या माहितीचंही तसंच. २०१३ मध्ये पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती येणारं ईमेल खातं उघडायचा कुणीतरी प्रयत्न केला होता. पैसे देणाऱ्यांना नकाशा दाखवा, पण काही महिन्यांनी आणि जरा ढोबळ करून.

माळकरी

सगळं मान्य, नियमांत घातलं.

हिशेबनीस

पैशाचं सरळ सांगतो, पुढे गोंधळ नको. कुणाच्याही खासगी यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका, गटप्रमुखाच्याही नाही. थेट संस्थेच्या खात्यावर, शेऱ्यात ‘पक्षीदिवस’ आणि संघाचं नाव. प्राप्तिकरात ८०जीची सवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, ती धरली जात नाही. पॅन द्यावा लागेल, प्रमाणपत्र संस्था नंतर देईल. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ही सवलतच नाही, हे आधी सांगा, म्हणजे मार्चमध्ये कुणाचा हिरमोड होणार नाही.

निधी डेटासाठी मागतोय तर संस्थेकडून लेखी घ्या की तो डेटा, गाडीखर्च आणि गावातल्या नकाशांनाच वापरला जाईल.

साता_समुद्रापार_सोलापूर

डॅलसहून लिहितेय. माहेर उत्तर कसब्यातलं. माझे बाबा रविवारी आम्हाला हिप्परग्याच्या तलावावर पक्षी दाखवायला न्यायचे. आम्हा काही जणांना पैसे पाठवायचे आहेत, चालेल का?

हिशेबनीस

ताई, तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर चालेल. आपल्या कमाईतून, नेहमीच्या बँकमार्गाने पाठवा. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते, ओसीआय कार्ड असलं तरीही. त्यासाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते आणि या संस्थेची ती नाही. तसे कुणी असतील तर त्यांनी कृपया पाठवू नयेत, संस्था अडचणीत येईल.

साता_समुद्रापार_सोलापूर

माझा भारतीय आहे. मैत्रिणींना तसं कळवते. बाबा आता फार चालू शकत नाहीत, पण नाव नोंदवायला बसतील. त्यांना एखाद्या संघात घ्याल का?

शाळेतल्या_बाई

त्यांना आमच्या संघात द्या. आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन सिद्धेश्वर तलावावर असणार आहोत, तिथे बाकावर बसून मोजता येतं. मुलं पैसे गोळा करणार नाहीत, फक्त मोजतील आणि लिहितील. माळावरच्या तीन तासांची अट मात्र आमच्या संघाला नको, इतकी मुलं नेणं जमणार नाही.

माळकरी

बाई, मुलांच्या संघाला ती अट नाही. काकांना आणायला-सोडायला माझी गाडी येईल.

आत्तापर्यंतची वाटणी अशी: दोन संघ नान्नज-वडाळा बाजूला आणि मग हिप्परगा. अभयारण्यात जायचं ते वनखात्याची परवानगी हातात घेऊन आणि आखलेल्या वाटेनेच. एक संघ सकाळी करमाळ्याच्या माळावर आणि दुपारी उजनीच्या पाण्यावर, वाट सीनाकाठ दाखवतील. सगळ्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, ठिकाणागणिक वेगळ्या. दिवसभराची एकच यादी करू नका, संशोधनाला तिचा उपयोग होत नाही.

मार्डीच्या बाजूला अजून एका संघाला जागा आहे. गाडी असलेला एक आणि पक्षी ओळखणारा एक हवाय. शिधा, पाणी आपलं आपण आणायचं, रानात कुणाच्या विहिरीवर न विचारता जायचं नाही. नावं बुधवार रात्रीपर्यंत इथेच लिहा.

धनगरवाडा

मार्डीच्या संघाला वडील येतील म्हणालेत. मेंढरं त्या दिवशी चुलता सांभाळेल. गाडी मात्र तुमची लागेल, पहाटे पाचला रस्त्यावर उभे राहतील.

खांबावरचा_माणूस

गाडी माझी. त्या रविवारी सुट्टी आहे. पक्षी ओळखणारे आले म्हणायचे, माझं नाव लिहा.